तिठ्यावरचा प्रेक्षक : जुन्या मराठी चित्रपटांच्या आठवणींविषयी

मराठी चित्रपटाचा इतिहास आजवर प्रामुख्याने चित्रपट करणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला आहे. व्ही. शांताराम यांचे ‘शांतारामा’, दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ किंवा हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ ही आत्मकथने, बापू वाटवे यांनी सांगितलेली प्रभात कंपनीची हकीकत आणि इसाक मुजावर यांनी चिकाटीने जमवलेला तपशील वाचला, की स्टुडिओत काय घडले, कोणाचे कोणाशी बिनसले, कोणती भूमिका कोणाच्या हातून निसटली हे पुष्कळ कळते. परंतु तयार झालेला तो चित्रपट तिकीट काढून पाहणाऱ्या माणसाने त्याचे पुढे काय केले, किती वर्षे तो मनात बाळगला, त्यातले काय विसरले आणि काय पदरचे घातले, हा भाग जवळजवळ कोराच राहिला आहे. शिरीष कणेकर यांनी ‘माझी फिल्लमबाजी’ या एकपात्री कार्यक्रमात प्रेक्षकालाच नायक केले हे खरे. मात्र तो प्रेक्षक मुंबईचा होता, चित्रपटगृहे त्याच्या हाकेच्या अंतरावर होती आणि नवा चित्रपट नवा असतानाच पाहण्याची त्याला सोय होती. प्रस्तुत विवेचनाचा विषय असलेला प्रेक्षक हातखंब्याचा आणि त्याच्या आसपासच्या वाड्यांतला आहे, आणि त्याला चित्रपट बहुधा उशिरा, तुटक आणि क्रम मोडून भेटला.

मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरी शहराकडून येणारा रस्ता जेथे मिळतो ते ठिकाण म्हणजे हातखंबा तिठा. येथून उत्तरेकडे निवळी, संगमेश्वर, चिपळूण करीत मुंबई गाठता येते, दक्षिणेकडे थोड्याच अंतरावरच्या पालीहून एक फाटा नाणीज, साखरपा आणि आंबा घाटमार्गे कोल्हापूरला जातो, आणि मूळ महामार्ग लांज्याच्या दिशेने गोव्याकडे उतरतो. मराठी चित्रपटाच्या दृष्टीने या भूगोलाला अर्थ आहे. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापूरची; १ जून १९२९ रोजी स्थापन झालेली प्रभातही मुळात कोल्हापूरचीच, ती पुण्याला गेली १९३३ मध्ये; भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ कोल्हापूरचा. चित्रपट निर्माण होई तो घाटावर, त्याचा पैसा आणि प्रसिद्धी उभी राही मुंबईत, आणि या दोन्ही गावांकडे जाणारे रस्ते ज्या मुलुखातून जात त्या मुलुखाच्या वाट्याला चित्रपट सर्वांत शेवटी येई. एखादे गाव दोन्ही वाटांवर असूनही दोन्हीकडून दूर राहू शकते, याचे हातखंबा हे चांगले उदाहरण आहे.

ज्याला अभिजात चित्रपट म्हटले जाते, म्हणजे ज्याचे मोल त्याच्या काळाबरोबर संपत नाही असा चित्रपट, तो कोण ठरवतो हा प्रश्न अभ्यासकांनी बहुधा समीक्षक आणि महोत्सव यांच्या हवाली केला आहे. ‘संत तुकाराम’चा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, आणि म्हणून हे चित्रपट अभिजात, असा एक सरळ हिशेब मांडला जातो. ग्रामीण कोकणातला हिशेब निराळा होता. तेथे चित्रपट कोणत्या साली निघाला याला फारसे महत्त्व नव्हते. तो पुन्हा किती वेळा आला याला होते. पुनःप्रदर्शन, अर्थात एकदा चालून गेलेला चित्रपट काही वर्षांनी पुन्हा लावणे, हा शहरात रिकामा आठवडा भरून काढण्याचा धंद्याचा भाग असे, तर गावाकडे चित्रपट पाहण्याची मुख्य रीत तीच असे. १९३६ चा चित्रपट १९५६ मध्ये प्रथमच पाहणाऱ्या माणसाच्या लेखी तो जुना नव्हता, आणि त्याच हंगामात त्याने १९५२ चा ‘लाखाची गोष्ट’ पाहिलेला असेल तर दोन्ही चित्रपट त्याच्या आठवणीत शेजारी-शेजारीच बसतात. अशा प्रेक्षकाची मते वाचताना कालक्रमाची अपेक्षा बाजूला ठेवावी लागते. त्याने अभिजात मानलेला चित्रपट हा परत आलेला आणि परत आल्यावरही गर्दी खेचून गेलेला चित्रपट असतो. ही कसोटी महोत्सवाच्या कसोटीपेक्षा कमी कठोर आहे असे म्हणण्याचे कारण नाही.

हे परत येणे ज्या यंत्रणेमुळे घडे, तिचे वर्णन येथे थोडे सविस्तर करणे आवश्यक आहे. फिरते चित्रपटगृह, ज्याला लोक तंबूतला सिनेमा किंवा नुसते ‘टुरिंग’ म्हणत, ते म्हणजे कापडी तंबू, एक प्रक्षेपक यंत्र, विजेसाठी जनित्र आणि पांढऱ्या कापडाचा पडदा, इतक्या सरंजामावर चालणारा फिरता व्यवसाय. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचे एक हजार फुटांचे रीळ बोलपटाच्या वेगाने सुमारे अकरा मिनिटे चालते. त्यामुळे अडीच तासांच्या चित्रपटाची चौदा-पंधरा रिळे पत्र्याच्या पेट्यांत भरून गावोगाव न्यावी लागत. पक्क्या चित्रपटगृहात दोन यंत्रे असतात आणि एक रीळ संपण्याआधीच दुसऱ्या यंत्रावरचे सुरू होते, म्हणून प्रेक्षकाला जोड जाणवत नाही. तंबूत बहुधा एकच यंत्र असल्याने दर रिळानंतर पडदा काळा पडे, कंदील वर येई, आणि नव्या रिळाची पट्टी दातेरी चक्रांवर बसेपर्यंत प्रेक्षक आतापर्यंतच्या कथेवर मोठ्याने चर्चा करीत. जुन्या यंत्रांत कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवून प्रकाश पाडला जाई. कांड्या जळत जात तसे त्यांच्यातले अंतर यंत्रचालकाला सतत राखावे लागे आणि त्याचे लक्ष जरा हलले की नायिकेचा चेहरा पिवळट पडून अंधारात जाई. काही तंबूंत पडद्याच्या दोन्ही अंगांना माणसे बसत, आणि मागच्या बाजूच्या प्रेक्षकाला सारे उलटे दिसे: श्रेयनामावली वाचता येत नसे आणि तलवार डाव्या हातात असे. छत्रपतींना डावखुरे पाहिलेली माणसे ही महाराष्ट्रातल्या चित्रपटप्रेमाची एक खरीखुरी शाखा आहे, तिची नोंद अजून कोणी घेतलेली नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा मृगापासून दसऱ्यापर्यंत तंबू उभा राहण्याचा प्रश्नच नसे. हंगाम उरे तो दिवाळीनंतरचा, जत्रांचा आणि शिमग्याचा. याच दिवसांत नमन-खेळे रंगत, पालख्या निघत, आणि रात्रभर जागून खेळ पाहण्याची सवय असलेला प्रेक्षक तंबूत येऊन बसे. त्यामुळे तीन तासांचा चित्रपट त्याला लांब वाटत नसे. उलट तो लवकर संपतो अशीच तक्रार असे. चित्रपटात गाणी फार असतात हा शहरी समीक्षकाचा आक्षेपही येथे लागू पडत नाही, कारण गाण्यावाचून खेळ ही कल्पनाच या मुलुखाला परकी होती.

चित्रपट प्रत्यक्ष येण्याआधी त्याची कथा मात्र येऊन पोचलेली असे, आणि ती आणणारा माणूस म्हणजे चाकरमानी, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत किंवा कचेरीत नोकरी करणारा आणि गणपतीला व शिमग्याला गावी येणारा कोकणी माणूस. लालबागच्या भारतमातात किंवा गिरगावात पाहिलेला चित्रपट तो ओटीवर बसून सांगे, गाणी म्हणून दाखवी, नटांच्या लकबी करून दाखवी. त्याच्या सामानात कधी गाण्यांची चोपडी असे. ही चोपडी म्हणजे चित्रपटगृहाबाहेर आण्या-दोन आण्यांना मिळणारी पातळ पुस्तिका. तिच्यात सगळी पदे, पात्रपरिचय आणि कथासार छापलेले असे, आणि कथासार नेमके शेवटाच्या अलीकडे ‘पुढील भाग रुपेरी पडद्यावर पाहा’ अशा धर्तीच्या वाक्यावर तोडलेले असे. ज्याने चित्रपट कधीच पाहिला नाही त्याच्याही तोंडी त्याची गाणी असत. आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र १९७७ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यावरून लागणारी जुनी चित्रपटगीते ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना ती चोपडीतून आधीच पाठ होती. म्हणूनच अशा रसिकाच्या आठवणींत पाहिलेले, ऐकलेले आणि वाचलेले वेगळे काढता येत नाही, आणि इतिहासकाराने ते वेगळे काढण्याचा अट्टहास करू नये. एवढेच पुरे की ते मिसळलेले आहे याचे भान राहावे.

या मिसळण्याचा सर्वांत बोलका दाखला ‘संत तुकाराम’ हाच आहे. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात सत्तावन्न आठवडे चालला, आणि त्यासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग खुद्द तुकोबांचाच आहे असे अनेकांनी धरून चालले. विष्णुपंत पागनीस यांच्याविषयीची भक्ती तर सर्वश्रुत आहे. परंतु हा चित्रपट टिकला तो केवळ भक्तीवर, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्यातली जिजाई पाहावी. गौरी या फारशा न शिकलेल्या नटीने उभी केलेली ही बाई म्हशीशी मायेने बोलते, नवऱ्याच्या नावाने बोटे मोडते, मूल आजारी पडले तेव्हा हातात वहाण घेऊन थेट पांडुरंगाला जाब विचारायला देवळात शिरते, आणि अखेरीस वैकुंठाचे विमान दारात आले तरी तिचा जीव चुलीपाशी अडकलेला असतो. तुकोबांचे चमत्कार आज पाहताना तांत्रिक करामत म्हणून कौतुक वाटते. जिजाईचा संसार पाहताना मात्र १९३६ आणि आज यांतले अंतर उरत नाही. संतपट म्हणजे संतचरित्रावरचा चित्रपट. या प्रकाराचे भाविकांनी कौतुक केले ते संतासाठी आणि विचारवंतांनी त्याला नाके मुरडली तीही संतासाठीच, आणि दोघांच्याही नजरेतून संताची बायको निसटली. गावच्या प्रेक्षकाच्या आठवणीत मात्र ती पहिल्यांदा येते. त्याचा निर्णय येथे समीक्षकांपेक्षा अधिक अचूक ठरला आहे.

‘कुंकू’च्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांताराम यांनी १९३७ मध्ये केलेला हा चित्रपट म्हणजे म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेल्या नीरेने ते लग्न मनाने आणि देहाने नाकारल्याची कथा. पार्श्वसंगीत, म्हणजे प्रसंगामागे वाजणारे आणि पात्रांना ऐकू न येणारे संगीत, त्यात जवळजवळ वर्ज्य केलेले आहे. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे आवाज, रस्त्यावरची चाहूल यांतूनच ताण उभा राहतो. खड्या आवाजाच्या जनित्राशेजारी, दर अकरा मिनिटांनी थांबणाऱ्या तंबूत या शांततेचे काय होत असेल हे सांगायला नको. परिणामी रसिकांच्या बोलण्यात शांता आपटे यांच्या नीरेचा बाणेदारपणा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब राहिले आहेत, पण ध्वनीचा तो प्रयोग राहिलेला नाही. आठवण ही पाहण्याच्या परिस्थितीची कैदी असते, आणि काही उत्तम कलाकृतींना त्या परिस्थितीने न्याय दिला नाही, हे मान्य करावे लागते. याच चित्रपटात विधवा सावत्र मुलीची भूमिका करणाऱ्या शकुंतला परांजपे या दापोलीजवळच्या मुर्डीच्या रँग्लर परांजप्यांच्या कन्या, ही गोष्ट मात्र जिल्ह्यात अभिमानाने सांगितली जाते.

मुर्डीचा उल्लेख आल्यावर एक मोठी उणीव सांगणे भाग आहे. मराठी पडद्यावरचे खेडे घाटावरचे आहे. कोल्हापूरला चित्रपट होत असल्याने काळी जमीन, उसाचे फड, पाटलाचा वाडा, फेटा आणि तमाशाची बारी हेच गावाचे चित्र ठरून गेले. लाल माती, कौलारू घर, खाडी, भाताचे कोपरे, नारळी-पोफळीची बाग यांना त्यात जागा मिळाली ती क्वचितच. पन्नास-साठ वर्षे कोकणातला प्रेक्षक दुसऱ्याचे गाव आपले समजून पाहत होता आणि घाटावरची बोली पडद्यावरची बोली म्हणून स्वीकारत होता. वास्तविक माणसांचा तुटवडा नव्हता. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिकवीत होते, जो भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता, आणि १९३६ च्या ‘छाया’ची कथा त्यांनी तेथे असतानाच मास्टर विनायक यांच्या कंपनीला दिली. काशिनाथ घाणेकर चिपळूणचे. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे, आणि त्यांचे ‘श्यामची आई’ आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये पडद्यावर आणले तेव्हा कोकणातल्या गरीब ब्राह्मण घरातले दारिद्र्य आणि वनमाला यांनी साकारलेली आई अवघ्या महाराष्ट्राच्या ओळखीची झाली. तरीही कोकणचा निसर्ग, भाऊबंदकी आणि रगेल माणसे मध्यभागी ठेवणारे मराठी चित्रपट फार थोडे. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ ही १९५२ ची कादंबरी. तिच्यावरचा चित्रपट यायला १९८० साल उजाडले, आणि बापू झाले घाणेकर. अठ्ठावीस वर्षांचा हा उशीर मराठी चित्रपटधंद्याविषयी पुरेसे सांगून जातो.

जुन्या चित्रपटांच्या चाहत्याची मते सरसकट स्वीकारावीत असा याचा अर्थ नाही. जुना काळ सोज्वळ होता हे त्याचे लाडके मत पुराव्यापुढे टिकत नाही: १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी यांनी पोहण्याच्या पोशाखात केलेल्या प्रवेशाने त्या वेळी खळबळ उडवली होती, आणि चित्रपटाचे लेखक होते आचार्य अत्रे. तमाशापटांविषयीचा पांढरपेशा रसिकाचा तुच्छभावही तपासून पाहण्याजोगा आहे. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये एकशे एकतीस आठवडे चालला. तो आठवणीने पुन्हा-पुन्हा पाहणारी आणि मागाहून त्याला नावे ठेवणारी माणसे पुष्कळदा एकच असत. त्यातल्या लावणीपेक्षा जयश्री गडकर यांच्या चेहऱ्यावरचा सूड अधिक काळ लक्षात राहतो, हे कबूल करायला काही हरकत नसावी. याउलट भालजींच्या ऐतिहासिक चित्रपटांना मिळणारी शाबासकी पुष्कळदा विषयाला असते. त्यांचे खरे सामर्थ्य १९६५ च्या ‘साधी माणसं’मध्ये दिसते, ज्यात नशीब काढायला शहरात गेलेल्या लोहार जोडप्याची परवड पाहताना चाकरमान्यांच्या घरांना ती स्वतःचीच वाटली.

काळाच्या चाळणीतून सर्वांत सुखरूप बाहेर पडले ते राजा परांजपे. ग. दि. माडगूळकर यांची लेखणी, सुधीर फडके यांचे संगीत आणि परांजपे यांचे दिग्दर्शन हा मेळ १९५२ च्या ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’पासून १९६० च्या ‘जगाच्या पाठीवर’पर्यंत ज्या सहजतेने टिकला, तिला मराठीत जोड नाही. महिन्याभरात लाख रुपये खर्चून दाखवण्याची पैज हा ‘लाखाची गोष्ट’चा कणा; मनिऑर्डरीवर चालणाऱ्या घरांतल्या प्रेक्षकाला ही पैज शहरातल्या प्रेक्षकापेक्षा अधिक गमतीची आणि थोडी अधिक क्रूरही वाटली असली पाहिजे. १९६४ चा ‘पाठलाग’ दोन वर्षांतच ‘मेरा साया’ म्हणून हिंदीत गेला आणि साधना यांच्यामुळे देशभर पोचला. मूळ मराठी पाहिलेला कोकणी रसिक मात्र चिपळूणच्या घाणेकरांचे पारडे खाली येऊ देत नाही.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवरचा शनिवारचा मराठी चित्रपट आणि मागाहून व्हिडिओ आल्यावर तंबू उठले. तंबूबरोबर ती पुनःप्रदर्शनाची रीतही गेली. आता कोणताही उपलब्ध चित्रपट केव्हाही पाहता येतो, पण उपलब्ध किती, हा प्रश्न आहे. जुनी फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे, ती झटकन पेट घेई आणि न पेटताही कालांतराने कुजे. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळेच मागे राहिली, बाबूराव पेंटर यांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ आज पाहायला मिळत नाही, जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला लागलेल्या आगीत प्रभातच्या मूळ फिल्मही गेल्या. जेथे चित्रपटच नाही तेथे तो पाहिलेल्या माणसाची आठवण हाच पुरावा, आणि जेथे चित्रपट आहे तेथेही तो कसा पाहिला गेला याचा पुरावा तीच.

तेव्हा हा लेख वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी तंबूतला सिनेमा पाहिलेली वडीलधारी माणसे असतील, त्यांनी त्यांच्याकडून गाव, हंगाम, तिकिटाचा दर, चित्रपटाचे नाव आणि बरोबर कोण होते एवढे तरी विचारून लिहून ठेवावे. गाण्यांच्या चोपड्या, जाहिरातीची पत्रके किंवा तिकिटे माळ्यावर पडून असतील तर ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला द्यावीत. कोकणच्या दमट हवेत आणि वाळवीपुढे तो कागद आणखी फार पावसाळे काढणार नाही.